सेनापती दोरागचं मरण

नेगोरोने खोडरबर उचलला, सेनापती दोरागच्या डाव्या पापणीची रेघ पुसली आणि ती केसभर आणखी खाली आणली. कागद हातभर लांब धरून पाहिला. आता जमलं. अर्धवट झोपेतून उठल्यासारखा डोळा, कानामागे खोचलेली पेन्सिल, बोलताना पुढे येणारा खालचा ओठ. सुगिनामीच्या गल्लीगल्लीत कार्टूनचे स्टुडिओ होते, आणि त्यातल्या कुठल्याही स्टुडिओत हा कागद दाखवला असता तरी माणसं पोट धरून हसली असती.

"अहो, आता खाली नुसता पत्ता लिहायचा राहिलाय," मागून उसामीबाई म्हणाल्या. स्टुडिओचं सगळं वेळापत्रक बाई सांभाळत, आणि दिग्दर्शकाला तोंडावर बोलायची छाती तिथे त्यांचीच होती. "हिराइवा-सान बघतात हो आपली मालिका. दर शनिवारी."

"बघू दे की. त्यांच्यासाठीच तर काढतोय."

खोटं नव्हतं ते. नेगोरोची यंत्रमानवांची मालिका त्या वर्षी देशभर गाजत होती. पोरं शनिवारी संध्याकाळी जेवणाचे वाडगे घेऊन टीव्हीसमोर बसत. मालिकेतला खलनायक हा दोराग. दुसऱ्यांच्या युक्त्या चोरायच्या, आपल्या म्हणून सम्राटाला सांगायच्या आणि मग तासन्‌तास गरम पाण्याच्या टबात डुंबत बसायचं, हा त्याचा धंदा. दुसऱ्या स्टुडिओतला दिग्दर्शक हिराइवाही रोज दुपारी सार्वजनिक न्हाणीघरात पडलेला असे, हे सगळ्या धंद्याला ठाऊक होतं.

आणि आता नेगोरो त्याला मारणार होता. युद्धात नव्हे, शौर्याने तर नव्हेच. दोराग टबात बसलेला असताना नायकाचा यंत्रमानव त्याच्या जहाजाची भिंत फाडणार, आणि सेनापती लाकडी बादलीने लाज झाकत नागडा पळत सुटणार आणि तसाच मरणार. सगळ्या देशातली पोरं एकदम हसली पाहिजेत. एवढ्यासाठी त्याने वर्षभर हे पात्र पोसलं होतं, बोकड पोसावा तसं.

एके काळी हे दोघं एकाच खोलीत राहत, एकाच कपातून चहा पीत. एकाच स्टुडिओत नोकरीला लागले, एकाच म्हाताऱ्या दिग्दर्शकाच्या शिव्या खाल्ल्या. सुट्टीच्या दिवशी इकेबुकुरोच्या स्वस्त थिएटरात जाऊन जुने तलवारपट पाहायचे आणि पायी परतताना भांडायचे. अशाच एका दुपारी, बाणांनी चाळण झालेला पण खाली न पडलेला सामुराई पडद्यावर पाहून बाहेर पडल्यावर, नेगोरो रस्त्यातच थांबला होता. म्हणाला होता, "इवा, आपला रोबो असा मेला तर? शेवटच्या भागात. उभ्या उभ्या. विजय वगैरे काही नाही. नुसता उभा, आणि खांद्यावर पक्षी येऊन बसतात."

त्या काळी यंत्रमानव मरत नसत. मालिकांना पैसा पुरवणारे खेळणीवाले मरू देत नसत.

पुढे नेगोरोचा बाप आजारी पडला आणि तो आकिताला गावी गेला. एक अख्खा हिवाळा बापाच्या उशाशी काढला, त्याला पोचवला आणि परत आला. स्टेशनाबाहेर नूडल्सच्या दुकानात बसला होता. कोपऱ्यातल्या टीव्हीवर हिराइवाच्या पहिल्या मालिकेचा शेवटचा भाग लागला होता. यंत्रमानव उभा होता. बर्फ पडत होतं. खांद्यावर पक्षी येऊन बसला. दुकानदार गल्ल्यामागे उभ्यानेच डोळे पुसत होता. नेगोरोच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वाडगा तसाच टाकून तो उठला. पुढच्याच महिन्यात मासिकात हिराइवाची मुलाखत आली. ही कल्पना कुणाची, असं विचारलं होतं. उत्तर एका शब्दाचं होतं: माझी.

तेव्हापासून नेगोरोने डूख धरला. रस्त्यात भेट झाली तर मान हलवायची, बस. आठ-नऊ वर्षं.

दोरागच्या मरणाचा स्टोरीबोर्ड, म्हणजे शॉटवार कच्ची चित्रं, काढणारा माणूस त्याच आठवड्यात अपेंडिक्सने आडवा झाला. उसामीबाई सकाळपासून फोनला चिकटल्या आणि दुपारी नेगोरोच्या टेबलापाशी येऊन खिडकीबाहेर बघत उभ्या राहिल्या.

"मिळाला माणूस."

"कोण?"

"आधी कबूल करा, ओरडणार नाही."

"कोण, बाई?"

"हिराइवा-सान." आणि लगेच, "मी तरी काय करणार हो? सगळ्यांना विचारून झालं. त्यांनी तुमचं नाव ऐकलं आणि पुढचं ऐकायच्या आत हो म्हणाले."

धंद्यातली रीतच होती तशी. अडल्यानडल्याला एका दिग्दर्शकाने दुसऱ्याचा भाग काढून द्यायचा, पडद्यावर खोटं नाव घालायचं, आणि त्या नावामागे कोण ते कुणी कुठे बोलायचं नाही. शत्रूंनीही ही रीत पाळली होती.

नेगोरो आधी लाल झाला. मग त्याच्या लक्षात आलं, आणि तो इतका हसला की शेजारच्या खोलीतल्या रंगकामवाल्या बायका डोकावून गेल्या. अहाहा! सुंठीवाचून खोकला चालला होता. आपली तिरडी आपल्याच हातांनी बांधायला निघाला होता बेटा.

"द्या त्यालाच," तो म्हणाला. "आणि समजावून सांगायला मी स्वतः जातो."

ओगिकुबोच्या एका कॉफीच्या दुकानात हिराइवा आधीच येऊन बसला होता. न्हाणीघरातून थेट आला असावा, केस ओले होते. कानामागे पेन्सिल होतीच.

"ये, नेगो. जाडा झालास रे."

"यश मानवतं."

"मानवतं खरं." हिराइवाने कॉफीत साखर घातली. "माझी बायको म्हणते, हा दोराग घोरतोसुद्धा तुमच्यासारखाच. मी म्हटलं, एवढं फक्त नेगोलाच माहीत असणार. एका खोलीत झोपलोय आम्ही."

नेगोरोने कागद पुढे सरकवले. एकेक दृश्य चवीचवीने समजावलं. टब, फुटलेली भिंत, बादली, नागडं पळणं. समोरचा चेहरा कुठे आक्रसतो, ते तो डोळ्यांत तेल घालून बघत होता. हिराइवा पेन्सिल काढून टिपणं घेत होता. बादलीशी आला तेव्हा चक्क हसला.

"बादलीला बूड नको," तो म्हणाला. "झाकायला जातो आणि बुडातून सगळं दिसतं."

"लहान मुलांची मालिका आहे ही."

"मग वाफ घालू मध्ये. पण बूड नको. पोरं खुर्चीवरून पडतील हसून."

नेगोरोला राग आला. आपण आणलेलं विष समोरचा मिटक्या मारत पितोय, आणि वर मीठ मागतोय! त्याच्याने राहवलं नाही.

"तुला लाज नाही वाटत, इवा?"

हिराइवाने पेन्सिल खाली ठेवली. कॉफी ढवळली. मग म्हणाला, "तो तलवारपट आपण दोघांनी पाहिला होता, नेगो."

"पाहिला दोघांनी. सुचलं एकाला."

हिराइवाने मान हलवली. हो म्हणाला की नाही म्हणाला, कळलं नाही. कागद गोळा करून पिशवीत घातले, उठता उठता थांबला.

"एक विचारायचं राहिलं. दोराग मेल्यावर तो पोरगा काय करतो? तुझा नायक?"

"काय करणार? जिंकतो. संपलं."

"बरं," हिराइवा म्हणाला.

स्टोरीबोर्ड ठरल्या दिवशी आला. उसामीबाईंनी तो आधी उभ्या उभ्या वाचला आणि त्यांना हसून ठसका लागला. बिनबुडाची बादली होती. वाफ होती. निसरड्या फरशीवर सेनापतीची अशी काही गाळण उडाली होती की नेगोरोलाही, दात आवळून का होईना, हसू आलं. सांगितलं होतं ते सगळं होतं, सांगितल्याहून दुप्पट निर्दयपणे होतं. या माणसाने स्वतःला जराही सोडलं नव्हतं.

शेवटचं पान नेगोरोने उलटलं आणि हसू थांबलं.

दोराग मेला होता. विजयाचं संगीत नव्हतं. फुटक्या न्हाणीघरात नायक यंत्रमानवातून खाली उतरून एकटा उभा होता. वाफ हळूहळू विरत होती. पोराची मूठ अजून आवळलेलीच होती. मारायला आता कोणी उरलं नव्हतं, आणि मूठ कशी सोडायची ते त्याला आठवत नव्हतं. शॉट तसाच लांबत जात होता. बाजूला हिराइवाच्या तिरप्या अक्षरात लिहिलं होतं: आवाज नको. घाई नको.

"बघा की, इतका वेळ एकच चित्र!" उसामीबाई खुशीत म्हणाल्या. "रंगकामवाल्या बायका दुवा देतील त्यांना."

नेगोरोने लाल पेन्सिल घेतली. काटायचा हक्क त्याचा होता. एक तिरपी रेघ मारली की त्या जागी उड्या मारणारा, हसणारा विजयी पोरगा घालता आला असता. हा टोला कुणाला हाणलाय ते त्याला पुरतं कळलं होतं. वर्षभर ज्याला टोचत होता, त्याने एका पानात परतफेड केली होती. हरामखोर, तो पुटपुटला. पण वर्षभरात त्याच्या स्वतःच्या हातून असा एक शॉट उतरला नव्हता, हेही त्याला कळत होतं. दिवे लागेपर्यंत तो ते पान पुढ्यात घेऊन बसला. मग लाल पेन्सिल खोक्यात टाकली आणि पान आहे तसं पुढे पाठवलं.

शनिवारी भाग लागला. पोरं खुर्चीवरून पडून हसली, हिराइवाने सांगितलं तशीच. आणि मग हसता हसता गप्प झाली. पोती भरून पत्रं आली. दोराग नागडा पळाला त्याबद्दल कोणी फारसं लिहिलं नाही. सगळ्यांनी त्या मुठीबद्दल लिहिलं.

वर्ष संपताना कार्टूनप्रेमींच्या एका मासिकाने शिंजुकूच्या हॉटेलात दुपारचा समारंभ ठेवला. वाचकांनी मतं देऊन वर्षातला सर्वांत चांगला शॉट निवडला होता, आणि तो तोच होता. हॉलभर धंद्यातली माणसं. नेगोरोला मंचावर बोलावलं. हातात काचेचं मानचिन्ह दिलं, तोंडासमोर माईक धरला.

"नेगोरो-सान," संपादक म्हणाला, "सगळ्यांना एकच जाणून घ्यायचंय. पडद्यावरचं नाव कुणाच्या ओळखीचं नाही, म्हणून विचारतो. ही मूठ कुणाला सुचली?"

पुढच्या टेबलावर उसामीबाईंच्या चॉपस्टिक्स हवेतच थांबल्या.

टोपणनाव फोडायचं नाही, हा धंद्याचा धर्म. पण 'मला नाही' एवढं म्हणायला धर्म आड येत नव्हता. नेगोरोने हॉलवरून नजर फिरवली. अगदी मागच्या टेबलावर हिराइवा मान खाली घालून कोळंबी सोलत होता.

नेगोरोने माईक जवळ ओढला. नागडा पळवला तरी ज्याला काही झालं नाही, त्याला लागेल अशी जागा आत्ता, इथे, आयती समोर आली होती. घे, तो मनात म्हणाला. आपलं लेकरू दुसऱ्याच्या कडेवर बघताना कसं वाटतं, ते एकदा तूही बघ.

"मला," तो माईकमध्ये म्हणाला.

टाळ्यांचा कडकडाट झाला. नेगोरो कुणाकडे बघत नव्हता, फक्त मागच्या टेबलाकडे. तो चेहरा पडताना त्याला पाहायचा होता. आठ-नऊ वर्षं त्यासाठी काढली होती.

हिराइवाने हात पुसले आणि टाळ्या वाजवायला लागला. रागाने नाही, टोमण्यानेही नाही. सगळे थांबले तरी तो वाजवत होता. उसामीबाईंनी चॉपस्टिक्स खाली ठेवल्या आणि तोंड फिरवलं.

नेगोरो खाली उतरला. लोक पाठ थोपटत होते, वाकून अभिनंदन करत होते. मानचिन्ह फार जड लागत होतं, म्हणून त्याने ते जवळच्या टेबलावर ठेवलं. कुणीतरी त्याच्या हातात रिकामा ग्लास दिला. गर्दीतून वाट काढत, बिअरची बाटली घेऊन, हिराइवा त्याच्यापुढे येऊन उभा राहिला.

"किती सहज निघून जातं ना तोंडातून?" तो हळूच म्हणाला. "मला वाटलं होतं, घसा तरी अडखळेल."

नेगोरोने टेबलावरच्या मानचिन्हाकडे पाहिलं.

"आणि एकदा टाळ्या सुरू झाल्या की मग परत घेता येत नाही," हिराइवा म्हणाला. "मी बघितलंय करून."

त्याने बाटली तिरपी केली आणि थांबला. नेगोरोने, ओतणाऱ्याला मान देताना धरतात तसा, दोन्ही हातांनी ग्लास पुढे धरला.