सेमिसीची टाच

सेमिसीला साखरेचा आजार होता, पाय बधिर झाले होते. प्रवाळावर टाच कापली तेव्हा त्याला कळलंसुद्धा नाही. बायकोला होडीत रक्त दिसलं तेव्हा समजलं. जखम वर्षभर भरेना. मग आमच्या बेटावरच्या नेयाफू गावच्या दवाखान्यातून मी, तिथली नर्स, त्याच्या घरी जाऊ लागले. दर तिसऱ्या दिवशी जखम मिठाच्या पाण्यानं धुवायची, जेल लावायचं, वरून पट्टी. जखम ओलसर राहिली तरच नवं मांस धरतं. चार महिन्यांत टाचभर जखम नखाएवढी झाली.

आणि ऑकलंडहून त्याची आत्या आली, लोसालिने. आमच्याकडे आत्यापुढे भाचा मान वर करत नाही, मग तो पन्नाशीचा का असेना.

"हे काय बुळबुळीत?" तिनं नाक दाबलं. "झाकलेलं मांस कुजतं पोरी. तुला शाळेत एवढंही शिकवलं नाही?"

"कोरडी पडली तर वर खपली धरेल आणि आत पू होईल, आत्या."

"चार बुकं शिकलीस, लगेच मला शिकवतेस! सेमिसी, काढ ते."

सेमिसीनं माझ्याकडे पाहिलं नाही. स्वतःच्या हातानं पट्टी सोडली.

आठवडाभर तिनं त्याला उन्हात बसवलं. टाचेवर चुना आणि राख. मी गेले की फाटकातच आडवी यायची. आठव्या दिवशी मात्र स्वतःच हाक मारली, "ये, बघ! कशी घट्ट खपली धरलीय!"

मी बोटानं दाबलं. कडेनं हिरवा पू आला. वर पोटरीपर्यंत पाय तापला होता. सेमिसी हसत होता. त्याला काहीच दुखत नव्हतं.

त्याच दिवशी त्याला इस्पितळात नेलं. पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

पुढच्या महिन्यात प्रार्थनेनंतर चर्चच्या अंगणात लोसालिने सगळ्यांना सांगत होती, "या सिस्टरच्या ओल्या पट्ट्यांनी माझ्या पोराचा पाय सडवला. विचारा त्यालाच."

चाळीस माणसं त्याच्याकडे वळली. सेमिसी चाकाच्या खुर्चीत चर्चला येताना आम्ही कमरेला गुंडाळतो ती चटई मांडीवर चिमटीत धरून बसला होता.

"हो," तो म्हणाला. "पट्ट्यांनीच गेला."

त्याच्या बायकोनं तोंड फिरवलं. बाकीच्यांनी मला वाट करून दिली, अंग चोरून, मलाच काही लागण झाल्यासारखी.

दुसऱ्या दिवशी त्याच्या थोट्या पायाची पट्टी बदलायची होती. मी गेले.

"रागावलात, सिस्टर?" त्यानं हळूच विचारलं. "आत्या आहे ती."

"पाय वर घे," मी म्हणाले.