ऑफिसची हळद

सांगलीत हळदीची पोती तारण ठेवून कर्ज मिळतं. त्या पोत्यांत हात घालून माल तपासायचा, ही माझी फायनान्समधली नोकरी. माझं ब्राह्मीवर प्रेम. "पुण्यात बँकेत लागला तरच पोरगी देऊ," असं तिच्या वडिलांनी बजावलं, म्हणून पुण्याला मुलाखतीला गेलो.

साहेबांनी माझे पिवळे हात पाहिले. "अरे वा, अभिनंदन! हळद कालच लागली वाटतं?"

"लग्न नाही, सर. ही ऑफिसची हळद."

"लाजू नका. पण तुम्ही पहिल्याच आठवड्यात सुट्टी मागणार. आम्हाला लगेच रुजू होणारा हवाय."

घरी आईनं विचारलं, "काय झालं रं, जिनेश?"

"माझं लग्न आहे म्हणून नोकरी दिली नाही."

"कुणासंगं?"

मी हात धुवायला गेलो. साबण पिवळा झाला, हात होते तसेच राहिले.