मागचा आरसा

धाकटीच्या हातचे केस म्हणजे रेघ मारल्यासारखे, असं सगळी गल्ली सांगायची. वाकडी होती ती तिची पाठ. लहानपणापासून थोडी, चाळिशीनंतर जास्त. उजवीकडच्या फासळ्या मागे फुगलेल्या, डावीकडच्या आत दबलेल्या आणि उजवा खांदा डाव्यापेक्षा वर. पण कात्री हातात आली की सगळं अंग आपापल्या तिरकेपणात असं काही जमून यायचं, की हनुवटीशी कापलेले केस कुणीही पट्टी लावून बघावेत.

पार्लर थोरल्या जावेचं. पाटी तिची, जागा तिची, शब्दही तिचाच शेवटचा. धाकटीची म्हणून एक खुर्ची होती, खिडकीजवळची. त्या खुर्चीच्या मागच्या भिंतीवर मोठा आरसा होता, गिऱ्हाइकाला समोरच्या आरशातूनच आपली मागची बाजू दिसावी म्हणून. थोरलीने त्यावर एका लांबसडक केसांच्या बाईचं पोस्टर चिकटवून टाकलं होतं. "अगं, बसणारीला त्यात तुझीच पाठ दिसते. कसंसंच होतं लोकांना," असं म्हणाली होती, तेही अगदी मायेने! धाकटीने तेव्हाच ढगळ एप्रन चढवला आणि कामाला लागली.

मग पाठ बोलायला लागली. दुपारनंतर उजव्या खांद्याखाली अशी कळ यायची की ड्रायर हातातून ठेवावा लागे. शेवटी नवऱ्याने तिला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी एक्स-रे काढला, बाक मोजला आणि सांगितलं, ऑपरेशनची आत्ता गरज नाही, व्यायाम सुरू करा, बाक वाढतो का ते बघत राहू.

"व्यायामाने हाड सरळ होतं होय?" थोरलीने नाक मुरडलं. "मी म्हणते, ऑपरेशन करून घे. एक घाव दोन तुकडे."

"पाठीचे तुकडे नकोच आहेत जाऊबाई," धाकटी म्हणाली.

व्यायाम शिकवणाऱ्या बाई ठेंगण्या आणि आवाज हवालदाराचा. त्यांच्या खोलीत भिंतीला आडवे लाकडी गज आणि पुढे-मागे दोन आरसे. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगून टाकलं, "बाक नाहीसा करायचं औषध माझ्याकडे नाही. तो वाढू नये आणि तुमचं दुखणं आटोक्यात यावं, एवढ्यासाठी मी तुम्हाला घाम काढायला लावणार." आणि लावला. डाव्या कुशीवर निजायचं, कमरेखाली गुंडाळलेला टॉवेल, आणि दबलेल्या फासळ्यांत श्वास भरायचा. मग गज धरून उभं राहायचं, डोकं वर ओढायचं, छाती मधोमध आणायची.

"हं, आता आहात नीट."

"कसली नीट? डावीकडे पडतेय मी!"

"आरशात बघा."

धाकटीने पाहिलं. समोरच्या आरशात एक बाई बऱ्यापैकी सरळ उभी होती. मागच्या आरशात तिची पाठ होती, वाकडी, पण नेहमीपेक्षा लांब. आपली पाठ तिने इतकी वर्षं धडपणे पाहिलीच नव्हती, आणि एकदम तिचे डोळे भरून आले. स्वतःचाच तिला राग आला. कुणाच्या सांगण्यावरून आपण ही झाकून ठेवली?

"अंगाला वाकड्याचीच सवय," बाई म्हणाल्या. "ते सरळ उभं राहिलं की बोंबलणारच. तूर्त अंगाचं ऐकू नका, आरशाचं ऐका."

कळ हळूहळू कमी झाली. धाकटीला चेव आला. पार्लरमध्येही ती तशीच उभी राहू लागली, केस वाळवता वाळवता डाव्या फासळ्यांत श्वास भरू लागली. थोरली म्हणाली, "काय गं हे भात्यासारखं? गिऱ्हाइकं घाबरतील." धाकटी म्हणाली, "घाबरली तर केस आपोआप उभे राहतील, तेवढाच ड्रायर वाचेल."

हसण्यावारी गेलं ते तेवढंच. पुढच्याच आठवड्यात, दोन दिवसांपूर्वी केस कापून गेलेल्या वकीलबाई परत आल्या. वर्षानुवर्षांचं गिऱ्हाईक, दर वेळी हनुवटीशी सरळ कट. खुर्चीत बसून त्यांनी दोन्हीकडच्या बटा ओढून दाखवल्या. उजवी बाजू बोटभर लांब!

"कोर्टात अख्खा दिवस मान तिरकी करून उभी राहिले मी," त्या म्हणाल्या. "न्यायाधीशांना वाटलं, मला युक्तिवाद पटत नाहीये. माझाच!"

धाकटीने लगेच कात्री घेतली. त्यांचं तिने तिथल्या तिथे नीट करून दिलं, पण दोन दिवसांत आणखी एकीचं तसंच झालं. मग तिच्या लक्षात आलं. बटा ओढून धरायची, दोन्ही हात सारख्या उंचीवर आले असं वाटलं की कापायची, हा तिचा हिशोब. तो जुन्या खांद्यांवर बसवलेला. आता खांदे हलले होते आणि हात अजून जुन्याच घरी राहत होते. वाकडी होती तेव्हा सरळ कापत होती, सरळ उभी राहिली तर वाकडं कापायला लागली. काय म्हणावं या नशिबाला!

थोरलीने सांगायचं ते सांगितलंच. "व्यायामाचं खूळ सोड आणि होतीस तशी उभी राहा. नाहीतर काउंटरवर बस, बसून काम, पाठीलाही बरं. ही खुर्ची मी दुसरीला देते. दुकान आहे हे, कसरतशाळा नाही."

"मला थोडी मुदत द्या. हात शिकतील."

"कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी..." थोरली म्हणाली आणि जीभ चावली. पण शब्द सुटला होता.

धाकटीच्या कानात तो दिवसभर वाजत राहिला. जुन्यासारखं उभं राहणं सोपं होतं. खुर्ची राहिली असती, आणि कळ परत आली असती. ती रात्री नवऱ्याला म्हणाली, "दोन्ही हवंय मला. पाठही आणि खुर्चीही. का सोडू मी?"

"नको ना सोडूस," नवरा म्हणाला. "पण माझ्याकडे अशी का बघतेस?"

आधी त्याचं डोकं कामी आलं, पण त्यावर उरलंच किती होतं? मग तिने शिकाऊ मुलींसाठी आणलेली, केसांचे टोप घातलेली प्लास्टिकची डोकी काढली. दुपारी पार्लर बंद असताना ती आधी आरशात बघून उभी राहायची, श्वास भरायची, मगच कात्री उचलायची. हात म्हणायचे, समान आहे. आरसा म्हणायचा, नाही. ती आरशाचं ऐकायची. टोपांचे केस हनुवटीपासून कानापर्यंत आले, कानापासून टाळूपर्यंत. कधी रडायला यायचं, कधी कात्री भिरकावून द्यावीशी वाटायची. दिली नाही.

थोरलीने दिलेली महिन्याची मुदत संपली त्या दिवशी पार्लर भरलेलं होतं. थोरली खिडकीजवळ येऊन म्हणाली, "मग? काय ठरलं?"

"बसा," धाकटी म्हणाली.

"कोण, मी?"

"तुम्हीच. खांद्यापर्यंतचे आहेत, हनुवटीशी आणते. वाकडे झाले तर मी आपण होऊन काउंटरवर जाते. की भीती वाटते?"

बाकावर वकीलबाई बसल्या होत्या. त्यांनी मासिक खाली ठेवलं. एवढ्या बायकांसमोर थोरली माघार घेते थोडीच? बसली.

धाकटीने एप्रन काढून ठेवला. आतला ब्लाऊज अंगाबरोबर बसणारा होता आणि पाठ जशी होती तशी दिसत होती. ती उभी राहिली, डोकं वर ओढलं, दबलेल्या बाजूत श्वास भरला. अंग ओरडलं, पडशील! नाही पडत, जा, ती मनात म्हणाली. आणि कात्री चालवली.

शेवटी थोरलीने स्वतःच फणी घेतली. दोन्ही बटा हनुवटीशी ओढल्या. सोडल्या, पुन्हा ओढल्या. एका केसाचा फरक नव्हता. वकीलबाई उठून जवळ आल्या आणि म्हणाल्या, "माझी हरकत नाही."

थोरली सहजी हार मानणारी नव्हे. "पुढून ठीक आहे. मागून कसं आहे? हातातला आरसा आण."

"हातातला कशाला? भिंतीवर आहे की मोठा."

धाकटी वळली, पोस्टरच्या कोपऱ्यात नख घातलं आणि ओढलं. लांबसडक केसांची बाई टराटरा फाटून खाली आली. मग धाकटी खुर्चीपाशी आली आणि मुद्दाम आरशाकडे पाठ करून उभी राहिली. समोरच्या आरशात थोरलीला दोन्ही एकदम दिसलं. मानेवर केसांची सरळ रेघ, आणि शेजारी जावेची पाठ.

थोरलीची नजर रेघेवरून पाठीवर गेली. मग हळूच म्हणाली, "अजून वाकडीच आहे गं."

"आहेच," धाकटी म्हणाली. "राहणारही आहे. तुम्ही केस बघा."

थोरलीने बघितले. मग गळ्याचा कपडा सोडला, खुर्चीतून उठली आणि वाकून पोस्टरचे तुकडे गोळा करू लागली.