तुळसाच्या घरातली रेंज

विचारावं एक आणि उत्तर यावं भलतंच, ही विनीतची खोड तुळसाला अलीकडे फार सलत होती. पोटचा पोर, पण दिवाळीपासून त्याने आईच्या एका प्रश्नाला सरळ तोंड दिलं नव्हतं.

आज सकाळी तर हद्द झाली. नऊच्या सुमारास लाईट गेली आणि कुंपणापलीकडे हौसाच्या पडवीत फोन वाजला. मग खालच्या अंगाला कुणाचा वाजला. मग आणखी एक. दहा मिनिटांनी लाईट आली आणि वाडी पुन्हा चिडीचूप. हातातलं सूप खाली ठेवून तुळसाने विचारलं,

"विनीत, लाईट गेली की हौसाचा फोन वाजतो, आन आली की मरतो. ह्ये कसं काय रे?"

"आये, वरच्या पाहुण्यांचे घावने झाले का बघ."

"घावन्यांचं मी इचारलं नाय."

"योगायोग असतो गो," म्हणत तो मोटर लावायला निघून गेला.

तुळसा दुसरी शिकलेली. पण कोंबडी अंडं कुठे लपवून आली ते तिच्या चालीवरून ओळखणारी बाई. योगायोग नावाचा पाहुणा आपल्या घरी फार दिवस मुक्कामाला आहे, हे तिने मनाशी बांधून ठेवलं.

घर तिचं होतं. नवरा मुंबईला गोदीत खपला. इथे तिने डोक्यावरून चिरे वाहून भिंती उभ्या केल्या, विनीत कमवायला लागल्यावर वर स्लॅब पडला आणि पावसासाठी स्लॅबवर पत्रे चढले. भिंती अशा जाड, की उन्हाळ्यात आत गारवा आणि फोन म्हणजे नुसतं घड्याळ. गणपतीपुळ्याला येणारे पाहुणे वरच्या दोन खोल्यांत उतरत, सोलकढीचं कौतुक करत आणि रेंज नाही म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी बॅगा उचलत. नम्रता, विनीतची बायको, म्हणत होती की मालगुंडातून वायर ओढून वायफाय घेऊ, त्यावरून फोनही लागतात. पण खांब उभे राहीपर्यंत हंगाम संपला असता. दिवाळीनंतर विनीतने मुंबईहून रेंज ओढणारा एक डबा आणला. पत्र्यावर काठी, काठीपासून वायर, माळ्यावर डबा. त्याच संध्याकाळी तुळसा चुलीशी बसून मुंबईच्या लेकीशी अर्धा तास बोलली.

आणि मग तिने ते सगळ्या वाडीला ऐकवलं. हौसाला जरा जास्तच.

"तुळसा, आमच्या खळ्यात थोडी यायची, ती पण ग्येली गो, तुमचा डबा आल्यापासून," हौसा एकदा विहिरीवर म्हणाली होती.

"घराला पुण्याई लागते, हौसा. भिकारणीसारखी दुसऱ्याच्या ताटात काय बघतेस? आपलं खळं झाड."

त्या दिवसापासून हौसाने तिच्या दारावरून जाताना मान वळवली नव्हती.

दुपारी दीडला हौसाची किंकाळी आली. तुळसा कुंपणाशी धावली, मागोमाग नम्रताही. हौसाचा नवरा भागोजी गोठ्यामागे रचलेले चिरे हलवत होता आणि चिऱ्याखाली फुरसं होतं. घोट्याशी दोन बारीक ठिपके, त्यातून रक्त पाझरत होतं. हौसा फोन हातात उंच धरून सड्याच्या वाटेला लागली होती. वर सड्यावर, डोंगरमाथ्याच्या कातळावर, तेवढी रेंज मिळायची, पण चढ वीस मिनिटांचा.

"हौसा! मागं फिर! माझ्या घरात रेंज हाय!"

हौसाने ऐकलं. तिची पावलं एकदा अडखळली, त्यावरून तुळसाला कळलं. पण ती फिरली नाही.

"वहिनी, मी चालतो फाट्यापर्यंत," भागोजी उठू लागला.

"बस खाली! पाय हलवलास तर मीच मोडून ठेवीन. नम्रता, ह्याला हलू देऊ नको."

ती घरात आली तेव्हा विनीत फोन कानाला लावून उभा होता.

"आये, एकशे आठची गाडी दुसऱ्या पेशंटला घेऊन रत्नागिरीला ग्येलीय. तास लागेल म्हणतायत."

"खालच्या दर्शनला लाव. रिक्षा घेऊन ये म्हणावं."

विनीतने लावला. पुन्हा लावला. "संपर्काच्या बाहेर."

"ह्या वेळेला तो घरी जेवायला असतो."

"मग घरीच असणार. तिथं खाली रेंज कुठं हाय..."

बोलता बोलता तो थांबला. त्याच्या हातातल्या फोनवर रेंजच्या सगळ्या काड्या उभ्या होत्या. तुळसाने त्या पाहिल्या, मग त्याचं तोंड पाहिलं.

"गेल्या वर्षी दर्शन जेवता जेवता भाडी घ्यायचा. तेव्हा रेंज होती. कुणी न्येली रे?"

"आये, डब्याने होतं कधीकधी. टावर गोंधळतो. मी धावत जातो ना खाली!"

"पंधरा मिनिटं जायला. आन तो स्टॅंडवर असला तर?"

उत्तराची वाट न बघता ती माळ्याच्या शिडीवर चढली. सहासष्ट वर्षांचे गुडघे, पण त्या दिवशी त्यांनी कुरकुर केली नाही.

"आये, वरच्या पाहुण्यांची मीटिंग चालू हाय! ऑफिसची! डब्याला हात लावू नको!"

माळ्यावर अंधारात एक हिरवा दिवा लुकलुकत होता. तुळसाने वायर मुठीत धरली आणि खेचली.

वरच्या खोलीचं दार धाडकन उघडलं. "आजी, नेट गेलं!"

"जाऊ द्या," ती शिडी उतरत म्हणाली.

विनीतच्या हातातून फोन घेऊन ती दारापुढच्या खळ्यात गेली. मिनिटभर काहीच झालं नाही. कुंपणाच्या फटीतून भागोजीचा पाय दिसत होता, घोटा आता चांगला फुगला होता. मग कुठेतरी टिंग वाजलं. दुसऱ्या घरात वाजलं. बघता बघता सगळ्या वाडीत टिंग टिंग सुरू झालं, सकाळपासून अडकून पडलेलं काय काय एकदम सुटल्यासारखं. तुळसाने विनीतकडून नंबर लावून घेतला.

"हां, बोला," पलीकडून दर्शनचा घास भरलेला आवाज आला.

"भात टाक नि रिक्षा काढ. भागोजीला फुरसं लागलंय. हौसा सड्याच्या वाटेला हाय, तिला घेऊन जा."

दिवे लागायच्या वेळेला दर्शन परतला. भागोजीला सरकारी दवाखान्यात लस चालू होती. लघवीतून रक्त जात होतं, म्हणून ठेवून घेतलं होतं. हौसा तिथेच बसली होती. डॉक्टर म्हणाले, आणलात ते बरं केलंत, पुढचं दोन दिवसांनी सांगू.

पाहुणे तोवर बॅगा भरून गेले होते.

हौसाच्या गोठ्यात म्हैस ओरडत होती. तुळसा कुंपण ओलांडून गेली, पेंढा काढला, पाणी दाखवलं. म्हशीने तिला ओळखलं नाही, शिंग उगारलं. तुळसा तिच्याशी हळू आवाजात बोलत राहिली. तिथेच विनीत आला आणि दाराच्या चौकटीत घुटमळला.

"आये, उद्या नवे पाहुणे येणार हायत. भागोजीकाका आता दवाखान्यात, बरेच होतील. तोवर डबा नुसता संध्याकाळचा लावला तर? कुणाला कळणार नाय."

तुळसाने पेंढ्याची जुडी म्हशीपुढे टाकली, हात लुगड्याला पुसले आणि कधी नव्हे ती आवाज न चढवता बोलली.

"मी दुसरी शिकलेली बाई. त्या डब्यात काय हाय ते मला कळत नव्हतं, तुला कळत होतं. आन तुझ्या जिवावर मी हौसाला भिकारीण म्हणाले. ती माझ्या दारावरून धावत ग्येली, आत आली नाय, ते त्या शब्दामुळं. तो शब्द माझा, त्याचं मी बघून घेईन. तुझं तू बघ. हौसा घरी आली की तिच्यापुढं उभा राहून तू सगळं सांगायचंस, आन मी बाजूला उभी असेन. तिने तुझ्या थोबाडीत दिली, तर मी तिचा हात धरणार नाय. आन नाय दिली, विनीत, तर मी देईन."