शेगडी विझल्यावर

एकोणीसशे सत्तावीस सालच्या पौषात काशीदच्या मागच्या वाडीत दादूची बायको राही भात पाखडता पाखडता कलंडली. तोंड वाकडं झालं, उजवा हात लोंबू लागला. पाणी हवं असलं तरी ती "सूप, सूप" म्हणायची.

"अंगावरनं वारं गेलं," शेजारची आवडाबाई म्हणाली. सगळ्यांना पटलं. अशा माणसाला वारा लागू द्यायचा नाही, ही तिकडची रीत. दादूने दारं लावली, कुडाच्या फटींत चिंध्या कोंबल्या, बाजेखाली शेगडी ठेवली. राहीचं अंग चटके बसावेत इतकं गरम लागे. पण त्या खोलीत सगळंच गरम होतं, दादूचं कपाळसुद्धा.

मुरूडहून त्याची थोरली बहीण येसूबाई आली.

"दाद्या, बायकोला भाजतोस का काय?"

"आक्का, शेक द्यायला नको?"

"शेगडी काढ आधी."

"मारशील तिला!" आवडाबाई ओरडली.

येसूबाईने भावाला बाजेचं दुसरं टोक धरायला लावलं आणि राहीला पडवीत आणलं. शेगडी विझली. समुद्रावरच्या वाऱ्याने दादू काकडला. राहीचं अंग मात्र तसंच फणफणत होतं.

"ह्यो ताप हाय, दाद्या. आधी काय दुखत व्हतं तिचं?"

"डोकं. मला वाटलं, पाखडताना भाताचं कूस उडतं, त्यामुळं."

येसूबाईने मुरूडच्या डॉक्टरांना आणवलं. ते म्हणाले, "हा नेहमीचा अर्धांगवायू नव्हे. ताप मेंदूत गेलाय, तिथं सूज आहे. औषध माझ्यापाशी नाही. गार पट्ट्या ठेवा, थेंबथेंब पाणी द्या, कुशीवर वळवत राहा."

हे सारं येसूबाईने केलं. राहीने पाणी थुंकलं की ती पुन्हा चमचा भरायची. पाठीला एकही जखम होऊ दिली नाही. कंटाळली असेल, पण दादूला ते कधी दिसलं नाही.

ताप उतरला, तरी राही कोणाला ओळखेना. दादूला भीती वाटली, की शरीर राहिलं आणि राही गेली.

एका सकाळी येसूबाईने दादूला राहीपुढे बसवलं. "ह्यो कोण गं?"

राहीने बराच वेळ बघितलं. वाकडे ओठ हलले.

"दादू."

लग्नापासून तिने हे नाव तोंडातून काढलं नव्हतं. दारात उभ्या आवडाबाईने तोंडाला पदर लावला. "नवऱ्याचं नाव घेती! लाज न्हाय हिला."

"व्हय, घेती," दादू म्हणाला. मग तो राहीकडे सरकला. "आणखी एकदा घे गं."