तिसऱ्या नळीतलं पाणी

मित्रांनो, मी एका पुलाचा जुना, गोल खांब आहे. पूल मात्र आता उरलेला नाही.

लोखंडी सळ्यांचा पिंजरा आणि त्यात ओतलेलं काँक्रीट, असा माझा जन्म झाला. पहिल्याच पुराने माझ्या थोबाडीत मारली. ओंडके, दगड, मेलेली जनावरं, जे हाती लागेल ते नदी माझ्यावर फेकत होती. पण एक गंमत सांगतो. धावत येणारं पाणी माझ्या अंगावर एका जागी येऊन थांबतं आणि मग दोन्ही बाजूंना फुटतं. त्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला, माझ्या पाठीशी, थांबण्याची दुसरी जागा असते. समोरच्या जागी पाण्याचा दाब सगळ्यात जास्त. तिथलंच पाणी खाली सूर मारून माझ्या पायाशी खड्डा खणतं, म्हणून तिथे मोठे दगड टाकून ठेवतात.

चाळीस वर्षं लोक माझी पाठ थोपटत राहिले आणि मी फुगत राहिलो. मग नदीने वरच्या वळणावर काठ खाल्ला आणि ती माझ्यावर डावीकडून तिरकी येऊ लागली. मला कळत होतं, पण सांगणार कोणाला?

ते शोधून काढलं पुलाची तपासणी करणाऱ्या इंजिनिअर बाईंनी. त्यांचा थोरला भाऊ पाणबुड्या होता. त्याने माझ्याभोवती पारदर्शक नळ्या बसवल्या, सोळा, आणि वर माझ्या माथ्याशी त्यांचे आकडे रंगवले. ज्या नळीत पाणी सगळ्यात उंच चढेल, तिथे प्रवाह थांबतो. पहिली नळी माझ्या नाकासमोर होती. पाणी उंच चढलं ते डावीकडच्या तिसरीत.

"दादा, दगड चुकीच्या जागी आहेत," बाई म्हणाल्या.

दादा बुडी मारून आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. "खांबाच्या पायाखाली माझा अख्खा हात आत गेला गं."

बाईंच्या वरच्या साहेबांना ते पटेना. "इतकी वर्षं दगड समोरच टाकतोय. तिथेच टाका," ते म्हणाले. दगड तिथेच पडले.

आठवड्याभरात पूर आला, भर दुपारी. नदीने माझ्या पायाखालचं सगळं ओरबाडलं. मी डावीकडे कललो तशी पुलाला भेग पडली. डाव्या काठावरून बस येत होती. पुलावर उभा असलेला दादा हात हलवत, ओरडत तिच्याकडे धावत सुटला. बस थांबली, आणि डावीकडचा गाळा, म्हणजे माझ्यापासून काठापर्यंतचा पूल, दादासकट कडाडून नदीत कोसळला. पडताना तुळईने त्याचा पाय चिरडला. ते हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला आहे.

गढूळ फेसात काही दिसेना. उजवीकडच्या उरलेल्या गाळ्यावरून लोक ओरडत होते, "दोर सरळ मागे टाका, नवव्या आकड्याखाली!"

"नाही!" बाई किंचाळल्या. त्यांनी तिसऱ्या आकड्यापासून सोळाचे अर्धे, आठ मोजले. "अकरा! पाणी तिरकं येतंय, तर मागची जागाही सरकली असणार. अकराखाली टाका!"

पुरात तिथलं पाणी शांत नसतं, गरगरतं. पण हातात आलेलं ते सहजासहजी सोडत नाही. दोर पडला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा तो ताणला गेला.

दादा वाचला. पाय गेला. हल्ली तो कुबडी टेकत काठावर येतो आणि मला शिव्या देतो. देऊ दे. मी सरळ उभा राहू शकलो नाही, याची मला लाज वाटते.

उद्या मला सुरुंग लावणार आहेत. जवळच नवे खांब उभे राहतील आणि तुम्ही त्यांच्यावरून शाळेला जाल. मित्रांनो, त्यांच्या मजबुतीचं कौतुक करू नका. नदी दर वर्षी नव्या जागी मारते. दर वर्षी मोजा, आणि मोजणाऱ्याने काही सांगितलं, तर त्याच दिवशी ऐका. आम्हाला फक्त तेवढंच हवं असतं.