भिंतीची परवानगी

बायको सहा महिने आतल्या खोलीत अंथरुणाला खिळून होती. त्या खोलीला खिडकी नाही. एका सकाळी ती म्हणाली, "अहो, आभाळ कसं दिसतं तेच विसरायला झालंय मला." बाहेरच्या खोलीला मोठी खिडकी आहे. मधली भिंत पाडली तर उजेड थेट तिच्या उशाशी येईल, असं मला वाटलं.

सोसायटीच्या सेक्रेटरीबाईंनी नियमावली पुढे सरकवली. इंजिनिअरचा दाखला हवा, वरच्या-खालच्या सहा घरांच्या सह्या हव्यात, आणि ठोकाठोक फक्त दहा ते एक.

"सह्या स्वतः जाऊन घ्यायच्या हं काका, फोनवर चालायचं नाही."

दुसऱ्याच्या दाराची बेल वाजवणं मला कधीच जमलेलं नाही. सहा घरांना नऊ दिवस लागले. जिन्यात उभा राहून मी वाक्यं जुळवायचो. दार उघडलं की ती पसार. तरी सह्या झाल्या. दुपारी डोळा लागला की भिंत धुक्यासारखी विरताना दिसायची, आणि पलीकडे बायको केस मोकळे सोडून बसलेली.

इंजिनिअरने भिंतीवर बोटं वाजवली, इमारतीचा नकाशा पाहिला, मान हलवली. "हिच्यावर चार मजले उभे आहेत. विसरा."

तो गेला. त्याच्याबरोबर आलेला गवंडी मात्र बाहेरच्या खोलीत रेंगाळला. तिथे तिन्ही भिंतींना छतापर्यंत माझी पुस्तकांची कपाटं, मधून जेमतेम एका माणसापुरती वाट.

"काका, रागावणार नसाल तर बोलतो. पलंगच इकडे आणा की! ही कपाटं आत टाका. त्याला कुणाची सही लागत नाही."

मी कपाटांकडे पाहिलं.

"ते यांना सुचायचं नाही हो, दादा," बायको आतून म्हणाली. "आणि आपण सांगायचं नाही, असं मी ठरवलं होतं."

दोन दिवस गवंड्याने आणि मी पुस्तकं वाहिली. तिसऱ्या दिवशी पलंग खिडकीशी लागला. आभाळ फिकट होतं, एक ढग जागचा हलत नव्हता, आणि तिच्या चादरीवर उजेड पाण्यासारखा पसरला होता. ती नुसती बघत राहिली. तिला काहीतरी वाचून दाखवावं म्हणून मी आत गेलो. अंधारात नावं दिसेनात, हाताला लागलं ते घेऊन आलो.

"राहू दे ते," ती म्हणाली. "बसा इथे. बघा."

मी बसलो. मांडीवर कुठलं पुस्तक होतं, ते मी पाहिलं नाही.